पेपरक्राफ्टचं सामान साठवताना या चुका टाळा

पावसाळा लागला की घरी कागदकाम करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कार्डशीटला लाटा आल्या, क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या अरुंद) पट्ट्या मऊ पडल्या, हातकागदावर तपकिरी ठिपके उठले. दोष कागदाला आणि दुकानदाराला दिला जातो. बहुतेक वेळा कागद चांगलाच असतो, घरी आल्यावर त्याला दिलेली जागा चुकलेली असते. कागदाला डबा कमी आणि हवा जास्त लागते, म्हणजे कोरडी, सारखी राहणारी हवा. हे पटत नाही तोवर कितीही देखणे ऑर्गनायझर घेतले तरी सामान खराब होतच राहणार.

पहिली चूक तिथेच होते. छंद सुरू होऊन महिना झालेला नसतो आणि बारा ड्रॉवरची ट्रॉली घरात येते. ड्रॉवर ए-4 मापाचे आणि कागद 22 बाय 28 इंचाचे. मग ते दुमडले जातात किंवा गुंडाळी करून कोपऱ्यात उभे राहतात. आधी सहा महिने काम करा. कुठला कागद किती लागतो ते कळू द्या, मग कपाटाचं माप घ्या. एवढा धीर नसेल तर निदान सगळ्यात मोठा कागद आडवा मावेल असा एक कप्पा आधी मोकळा करा.

पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि ती करणाऱ्याला आपण काळजीच घेतोय असं वाटत असतं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून अनेक सोसायट्यांमध्ये गणपतीचं मखर कागद आणि पुठ्ठ्याचं होतं. त्यातल्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीत हा प्रकार घडतोच. कार्डशीट जूनच्या शेवटी येते. पाऊस लागू नये म्हणून ती पॉलिथिनमध्ये घालून चारही बाजूंनी टेप मारतात आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लॉफ्टवर टाकतात. कागदाने तोवर हवेतला ओलावा पुरेसा पिऊन घेतलेला असतो. प्लॅस्टिक पाऊस अडवतं, पण आतला ओलावाही बाहेर जाऊ देत नाही. रात्री भिंत गार झाली की पिशवीतली हवा आणखी दमट होते आणि आठवड्याभरात कागदाच्या कडा फुगतात.

खरं नुकसान त्यानंतर होतं. वेळ कमी असतो, म्हणून तोच फुगलेला कागद पाणीदार गोंदाने ग्रे बोर्डवर (जाड करड्या पुठ्ठ्यावर) चिकटवतात. दोन दिवस कमान सरळ दिसते. मग तिच्यावर फोकस लागतात, कागद वाळून आकसतो आणि बोर्डला आपल्या बाजूला ओढतो. आरतीच्या वेळेपर्यंत खांब आत वाकलेले असतात. त्यावर मागून पट्टी ठोकतात, तार बांधतात, पण वाक जात नाही. बोर्डच्या मागच्या बाजूलाही तशाच कागदाचा थर त्याच ग्रेनमध्ये (म्हणजे कागदातले तंतू त्याच दिशेला ठेवून) लावला असता तर दोन्हीकडची ओढ सारखी झाली असती. त्याआधी कागद वाळवायला हवा होता, हे तर आहेच.

वाळवायचा म्हणजे इस्त्री किंवा हेअर ड्रायर नव्हे. त्याने एक बाजू आधी सुकते आणि वाक पक्का होतो. खिडक्या बंद करून खोलीत एसी किंवा पंखा चालू ठेवा, कागद सुटे पसरून 4-5 तास मोकळे राहू द्या. मग दोन कोऱ्या बोर्डांमध्ये रचून वर सारखं वजन ठेवा आणि एक-दोन दिवस हात लावू नका. वजनासाठी ए-4 कागदाची रीम (500 कागदांचा गठ्ठा) छान चालते. 75 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणाऱ्या कागदाची, रीम साधारण 2.3 किलो भरते. मोठ्या शीटवर अशा चार रीम चार चौकांत ठेवा.

सिलिका जेलची पुडी टाकली की झालं, असं समजणाऱ्यांनी एकदा हिशोब करावा. 300 जीएसएमच्या 22 बाय 28 इंची 25 शीट म्हणजे सुमारे 3 किलो कागद. त्यात 3 टक्के जादा ओलावा असला तर ते झालं 90 ग्रॅम पाणी. मध्यम आर्द्रतेत सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी धरते. म्हणजे या कागदासाठी साडेतीनशे ग्रॅम जेल हवी, आणि बुटाच्या खोक्यातून काढून ठेवलेल्या पुडीत असते दोन-पाच ग्रॅम. जेल ओला कागद वाळवायला घेऊ नये. आधीच कोरडा असलेला, घट्ट झाकणाच्या डब्यातला कागद कोरडा राखायला ती घ्यावी. केशरी मणी हिरवे झाले की पुडीतून काढून 110 ते 120 अंशांवर दीड-दोन तास तापवावेत. निळे मणी कोबाल्टमुळे विषारी असतात, स्वयंपाकाच्या ओव्हनपासून ते लांबच ठेवा.

वर्षाचा साठा बांधायची योग्य वेळ घाटावर मार्च-एप्रिलची दुपार आणि कोकणपट्टीत फेब्रुवारी. कप्प्यात काही शे रुपयांचा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) ठेवा. आर्द्रता 45 ते 55 टक्के असली तर उत्तम. 65 च्या वर टिकून राहिली तर बुरशीची वाट मोकळी झाली म्हणून समजा.

आडवं, उभं आणि गादीखाली

मोठी ड्रॉइंग शीट गादीखाली सरकवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. कागद सपाट राहतो हे खरं, पण कापसाची गादी ओलावा धरते, अंगाची ऊब त्यात भर घालते आणि दाब एकसारखा पडत नाही. हिवाळ्यात चालून जातं, पावसाळ्यात नको.

आडवा साठा उत्तम, पण ढीग उंच नको. वर सांगितलेल्या मापाच्या शंभर शीट म्हणजे 12 किलो. तळातली एक ओढायची म्हटली की वरच्या चारांचे कोपरे मोडतात. पंचवीस-पंचवीसच्या चवडी करा, प्रत्येकीखाली पुठ्ठा घाला आणि कागद न ओढता पुठ्ठ्यासकट बाहेर घ्या. उभं ठेवायचं तर 200 जीएसएमच्या वरचा ए-4 कागदच ठेवा आणि कप्पा गच्च भरलेला असू द्या. अर्धा रिकामा कप्पा कागदाला हमखास कमरेत वाकवतो. भरायला कागद नसेल तर मागे जाड बोर्ड सरकवा.

प्रत्येक चवडीवर ग्रेनची दिशा पेन्सिलने बाणाने दाखवा. शीट दोन्ही दिशांनी हलकी वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज वाकते, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. कागद ओलाव्याने ग्रेनच्या आडव्या बाजूला कितीतरी जास्त फुगतो. घडीच्या कामात आणि बोर्डवर चिकटवताना हा बाण तास वाचवतो.

घोटीव, पतंगी आणि जिलेटीन कागदाची गुंडाळी चालते, पण तीन इंची नळीवर. रबर बँड अजिबात नको. उष्णतेने रबर वितळल्यासारखं होऊन कागदाला चिकटतं आणि डाग कायमचा राहतो. कागदाचीच चार बोटं रुंद पट्टी गुंडाळून तिला टेप लावा. मध्ये घालायला वर्तमानपत्र घेऊ नका. त्याची शाई उतरते आणि त्यातल्या आम्लाने शेजारचा कागद पिवळा पडतो. बटर पेपर वापरा.

कसर, झुरळं आणि डांबरगोळ्या

कसर आणि झुरळं खळीच्या आणि पिठाच्या गोंदावर येतात. खळ लावलेली अर्धवट कामं कोऱ्या साठ्यात ठेवू नयेत. डांबरगोळ्या कागदाजवळ टाकणं हा सोपा मार्ग वाटतो, पण वास महिनोन्महिने जात नाही आणि त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकचे डबे मऊ पडतात. कडुनिंबाची ओली पानं तर ओलावाच आणतात. जुन्या पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवत, तसं ते सुकं, कापडी पुरचुंडीत बांधून ठेवलं तर चालेल. त्याहून उपयोगी सवय म्हणजे दर महिन्याला कप्पा रिकामा करून झटकणं आणि साठा जमिनीपासून व भिंतीपासून तीन बोटं लांब ठेवणं.

बाकीचं, थोडक्यात

सुईच्या तोंडाची गोंदबाटली बंद करायला साधी टाचणी खुपसू नका. ती गंजते आणि गोंद तांबूस होतो. स्टेनलेस स्टीलची पिन घ्या.

दुहेरी टेपच्या कडेला धूळ चिकटते. प्रत्येक रीळ बटर पेपर लावून छोट्या पिशवीत ठेवा आणि उन्हापासून दूर ठेवा.

कटिंग मॅट उन्हात किंवा गाडीत ठेवली तर वाकते. आडवीच ठेवा, उभी टेकवू नका.

कटरच्या जादा पात्यांना मशीनचं तेल पुसटसं लावा, वापरण्याआधी कोरड्या कापडाने पुसा. तुटलेली पाती कचऱ्यात मोकळी टाकू नका, झाकणाला फट पाडलेल्या डब्यात जमा करा. कचरा उचलणाऱ्याच्या हातांचा विचार करा.

क्विलिंगच्या पट्ट्या गाठ मारून ठेवल्या की कडा चेपतात. रंगानुसार लांब पारदर्शक खिशांत सरळ ठेवा. शिक्क्यांसाठीच्या डाय इंकचे (पातळ शाईचे) पॅड उलटे ठेवा, म्हणजे शाई वरच्या कापडाजवळ राहते. पारदर्शक स्टॅम्प उजेडात पिवळे पडतात.

कातरणाला हद्द हवी. हाताच्या पंजाहून लहान तुकडा पंचिंगसाठी एकाच डब्यात टाकावा. डबा भरला की नवा घेऊ नये, जुने तुकडे रद्दीत द्यावेत.

रंग साठवताना दुकान, तारीख आणि शेड क्रमांक चवडीवर लिहा आणि दोन बोटांचा नमुना त्यावर चिकटवा. एकाच नावाचा लाल कागद दोन लॉटमध्ये वेगळा निघतो. आकाशकंदिलाच्या पाकळ्या कापायला घेतल्यावर चार शीट कमी पडली तर मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्यात आप्पा बळवंत चौकात तीच शेड मिळेल, याची खात्री कोणी देत नाही. लागतील त्याहून दोन शीट जास्त घ्या आणि जुना नमुना हातात घेऊनच दुकानात जा.