पाठ, मान आणि सांध्यांचं दुखणं: या चुका टाळा

कंबर धरली की बहुतेक लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर अंथरूण धरतात, नाहीतर स्वतःहून एमआरआय काढून येतात. मग रिपोर्टमध्ये कुठल्याशा मणक्याखाली 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, असं लिहिलेलं सापडतं आणि घरातले सगळे त्या दोन शब्दांचा कीस पाडत बसतात. दुखतं कधी, थांबतं कशाने, पायात कुठवर उतरतं, सकाळी उठल्यावर कसं असतं, हे कुणी विचारत नाही. निदानाचा मोठा भाग याच उत्तरांत असतो. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा ही उत्तरं बाजूला ठेवल्यामुळे होतात.

माणसाऐवजी रिपोर्टवर उपचार

पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या 3,000 हून अधिक लोकांच्या स्कॅनचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ठणठणीत लोकांपैकी 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या वयात हेच प्रमाण 96 टक्के होतं. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत 30 आणि पन्नाशीत 60 टक्के. यातल्या कुणालाही पाठदुखी नव्हती, हे लक्षात घ्या. चाळिशीनंतर कोरा रिपोर्ट येणं हेच खरं तर नवल.

म्हणून एमआरआय निरुपयोगी ठरत नाही. पायातली ताकद कमी होत असेल, पुढे सांगितलेलं एखादं धोक्याचं लक्षण असेल, किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तर तो हवाच. पण फिल्म आणि तक्रार जुळली पाहिजे. स्कॅनमध्ये डावीकडची नस दबलेली दिसते आणि कळ उजव्या पायात जाते, तर त्या दबलेल्या नसेला दोष देण्यात अर्थ नाही.

'गादी परत बसवून देतो' असं सांगणाऱ्यांपासूनही जरा सावध राहा. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिचा बाहेर आलेला भाग अंगठ्याने दाबून आत जात नाही. मात्र बऱ्याच रुग्णांमध्ये तो भाग काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. सायटिकाचे, म्हणजे नस दबून कमरेतून पायात कळ उतरण्याचे, बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात, त्यामागचं हे एक कारण आहे.

गुडघ्याच्या एक्स-रेबद्दल एकच सांगतो. तो उभं राहून काढा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे झिजलेल्या सांध्यातली फटसुद्धा बरी दिसते.

'बरं वाटेपर्यंत झोपून राहा'

हा सल्ला कितीतरी पिढ्यांनी प्रेमाने दिला आणि तो चुकीचा निघाला. 1995 साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. अचानक कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस सक्तीची विश्रांती, दुसऱ्याला ठरावीक व्यायाम, आणि तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तितकी रोजची कामं चालू ठेवा. सर्वात लवकर सावरला तो तिसरा गट. विशेष म्हणजे पहिल्याच दिवसांत व्यायामाला जुंपलेल्या गटापेक्षाही तो पुढे होता. म्हणजे कळ ताजी असताना मोबाइलवर बघून पाठीचे व्यायाम सुरू करणं हीसुद्धा घाईच.

कळ फार असेल तर एखादा दिवस पडून राहायला हरकत नाही. उठताना मात्र सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने गादीला रेटा देऊन धड वर उचला. कंबर पिळली जात नाही आणि ती जीवघेणी कळ टळते. मग घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चाला.

सांध्यांचंही तसंच. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांधा हलावा लागतो. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद केलं की मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, गुडघ्याला आधार उरत नाही आणि दुखणं वाढतं. त्यावरचा व्यायाम फुकटचा आहे: खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय समोर पूर्ण सरळ करा, बोटं स्वतःकडे ओढा, पाचपर्यंत मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा. घाईने झटके देत पन्नास वेळा करण्यापेक्षा हे दहा मोलाचे. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत किंवा सुजत असेल, तर प्रमाण कमी करा. आणि वजन जास्त असेल तर ते थोडंसं घटलं तरी फायदा होतो. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं मोजमापात दिसलं आहे.

दुखतंय तिथेच बिघाड आहे असं धरून चालणं

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते, कारण हिच्यात महिनेच्या महिने वाया जातात.

खुब्याच्या सांध्याचं दुखणं अनेकदा गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, गुडघ्याला मलम चोळलं जातं, आणि तिकडे खुबा बिघडत जातो. मोजा घालायला पाय वर घेताना जांघेत कळ येत असेल किंवा गाडीत बसताना पाय आत घेता येत नसेल, तर खुबा तपासून घ्या. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या किंवा जास्त मद्यपान करणाऱ्या व्यक्तीची जांघ दुखत असेल, तर हे टाळूच नका. खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतच नाही. तिथे एमआरआय खरंच कामाला येतो.

खांद्याचंही असंच होतं. हात वर जात नाही, दंड दुखतो, मानेचा एक्स-रे काढला जातो, त्यात वयाप्रमाणे थोडी झीज असतेच, आणि 'स्पॉन्डिलायटिस' म्हणून गळ्यात पट्टा येतो. एक साधी परीक्षा घरी करता येते. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचं मनगट हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. दुसऱ्याने नेलं तरी हात अडत असेल आणि चांगला हात मात्र सहज जात असेल, तर प्रश्न बहुधा खांद्याचा आहे. 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे आखडून गेलेला खांदा, असा वागतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळतो, त्यामुळे त्याच वेळी साखरही तपासावी.

हाताला मुंग्या येतात म्हणजे मानेची नस, हेही असंच गृहीत धरलेलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्याच ठिकाणी मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर नस बहुतेक मनगटात दबलेली असते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून पुष्कळांना आराम पडतो.

उतारवयात थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात, हे मणक्यातली जागा अरुंद झाल्याचं लक्षण आहे. नुसतं उभं राहूनच पोटरी मोकळी होत असेल तर रक्तवाहिन्यांकडे बघा. तक्रार ऐकायला एकसारखीच, पण दोघांचे डॉक्टर वेगळे.

सकाळच्या आखडलेपणाकडे दुर्लक्ष

झिजेमुळे आखडलेला सांधा सकाळी पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळा होतो. हाताच्या बोटांचे मधले सांधे सुजले आहेत आणि तासभर मूठ वळत नाही, हा मामला वेगळा. तो आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो आणि त्यात वेळ फार मोलाचा, कारण सांध्याची हानी सुरुवातीपासूनच होत असते. तसंच चाळिशीच्या आतल्या व्यक्तीची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, पहाटे जाग येते, झोपून वाढते आणि हालचालीने कमी होते, तर 'बसून काम करतोस म्हणून' असं सांगून विषय संपवू नका. सांधेविकारतज्ज्ञांना दाखवा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणक्यांना सूज येऊन पाठ आखडत जाण्याच्या आजाराचं, निदान वर्षानुवर्षं लांबतं ते याच वाक्यामुळे.

इथे रक्ततपासणीही फसवते. आमवातासाठी केली जाणारी आर.ए. फॅक्टर ही तपासणी काही निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येतो आणि आजाराच्या बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह. युरिक अॅसिड वाढलं म्हणून प्रत्येक दुखरा गुडघा गाउटचा, म्हणजे त्या अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचल्याचा, होत नाही. उलट गाउटच्या ऐन झटक्यात ते नॉर्मलही येऊ शकतं.

गोळ्यांचा हिशेब न ठेवणं

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही एकाच जातीची वेदनाशामक औषधं. एका डॉक्टरांनी एक दिलं, दुकानातून दुसरं आणलं, दोन्ही चालू, असं झालं तर आराम दुप्पट होत नाही, जठराच्या अल्सरचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. नुसता गुडघा दुखत असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल आधी वापरून बघणं जास्त शहाणपणाचं. बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत जादू झाली, तर तिच्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्या. आणि ती महिनोन् महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून कमी करा.

सगळ्यात गंभीर चूक मेथोट्रेक्सेटची. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि घरात गोळ्या दुसरं कुणी काढून देत असेल तर त्यालाही सांगून ठेवा.

कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक आहे. दिवसभर बांधायची सवय लावू नका.

थांबायचं कधी नाही

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि ताप आहे, तर तो शेकत बसू नका, संसर्ग असेल तर तासांतासाने नुकसान होतं. पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा उतारवयात किरकोळ पडल्यावर पाठीत तीव्र कळ येणं, यांतलं काहीही असेल तर तपासणी लांबवू नका.

ऑपरेशननंतर पाठ फिरवणं

गुडघा बदलायचा की नाही हे ठरवताना एक्स-रेपेक्षा रात्रीची झोप आणि रोजचं चालणं बघावं. घाईही नको, आणि गुडघा पार वाकडा होऊन स्नायू सुकेपर्यंत टाळाटाळही नको. ऑपरेशन उत्तम झालं तरी पुढच्या आठवड्यांतला व्यायाम रुग्णालाच करायचा असतो. त्यात मायेपोटी होणारी एक चूक हमखास दिसते. घरचे गुडघ्याखाली उशी ठेवतात. रुग्णाला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि नंतर पूर्ण सरळ होत नाही. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा, गुडघ्याखालची जागा मोकळी राहू द्या.