उसाचा सीझन, थंडी अन् रात्रीचा रस्ता: गाडी कशी चालवायची

दिवाळी झाली की आपल्याकडं थंडी पडायला अन् कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायला एकच गाठ पडती. तिथून पुढं मार्चपर्यंत बीड, परभणी, लातूर, जालना, कुठलाही रस्ता घ्या, अंधार पडला की ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, ओव्हरलोड ट्रक सगळेच रस्त्यावर. परभणीत पारा दहाच्या खाली जातो ते खरंय, पण थंडीनं माणूस नुसता काकडतो, जीव जातो तो बिनलाईटीच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून. म्हणून एकच हिशोब धरायचा, पुढं काहीतरी बंद पडून उभंच हाय असं समजूनच गाडी चालवायची.

आता स्पीडचं बघा. डिपरचा (खाली पडणाऱ्या लाईटीचा) उजेड साधारण 40-50 मीटरपर्यंत नीट दाखवतो, त्याच्यापुढं नुसता अंदाज. 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर पळती, समोरचं डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, तेवढ्यात अर्धा-पाऊण उजेड संपला अन् ब्रेक लागायचा तर अजून बाकीच हाय. म्हणजे डिपरवर 80 नी चाललात तर ट्रॉली दिसल्यावर थांबणं जमतच नाही, ड्रायव्हर कितीबी पट्टीचा असू द्या. समोर कोणी नसलं की अप्पर टाका, कोणी आलं की डिपर अन् स्पीड 50-60 च्या आत. सोलापूर-धुळे सारखे चौपदरी रस्ते झाल्यापासून पाय आपोआप दाबला जातो, पण त्याच रस्त्यावर गावाच्या कटपाशी दोन किलोमीटरचा फेरा वाचवायला राँग साईडनं ट्रॅक्टर येतोच, त्याला कोण काय म्हणणार.

ट्रॅक्टर ओळखायला शिका, हे लै महत्त्वाचं. समोरून एकच लाईट येतोय म्हणून मोटारसायकल समजू नका, एक हेडलाईट गेलेला ट्रॅक्टर असतो अन् त्याचं अंधारातलं दुसरं अंग तुमच्याकडच्या बाजूला असू शकतं. दुसरी भानगड म्हणजे मागचा पांढरा फोकस. नांगरटीसाठी लावलेला तो लाईट रस्त्यावर पण चालूच ठेवतात, त्यामुळं आपल्याच दिशेनं चाललेला ट्रॅक्टर समोरून यायलाय असं वाटतं, अन् आपण गोंधळतो. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्या जोडल्यात हे धरूनच जागा मोजा, हॉर्नवर विसंबू नका कारण वर टेप एवढ्या जोरात चालू असतो की त्याला स्वतःचं इंजिन ऐकू येत नसेल. चढाला अजिबात मागं चिकटू नका, लोड जास्त असला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, कधी मोळ्या सुटतात, कधी अख्खी ट्रॉली मागं येती.

आता ट्रॉलीवाल्या भावांना पण सांगतो. सीझनच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटोबिटो निघतात, पण ऊस भरला की वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मागं लोंबतं अन् रिफ्लेक्टर, टेललाईट सगळं त्याच्याखाली झाकून जातं. वरून लाल फडकं बांधतात, ते दिवसा ठीक हाय, रात्री त्याचा काय उपयोग? लाल रेडियमची पट्टी फळीवर मारा, ती फळी भरलेल्या उसाच्या सगळ्यात मागच्या टोकाला बांधा, काम दोन मिनिटाचं हाय. पुढं पांढरी, मागं लाल. बैलगाडीला तर लाईट नसतोच, तिच्या साट्याला (सांगाड्याला) मागून अन् दोन्ही बाजूनं रेडियम लावा, बैलाच्या शिंगाला लावलं तरी समोरून लांबून चमकतं.

मोटारसायकलवाल्यांचं वेगळंच. थंडीनं बोटं बधिर झाली की ब्रेकचा लिव्हर दाबायला उशीर होतो, हे आपल्याला कळत पण नाही, म्हणून आधी हातमोजे घ्या, स्वेटर नंतर. हेल्मेटच्या आत जाड माकडटोपी घालू नका, हेल्मेट सैल-घट्ट होतं अन् पट्टा नीट बसत नाही, पातळ रुमाल बांधा. रात्रीला काळी काच नको. चरे पडलेली काच असली की समोरच्या एलईडीचा नुसता फुफाटा दिसतो, बदलून टाका, फार महाग नसती. मागं बसलेल्या बाईमाणसाची शाल नाहीतर गोधडी लोंबून टेललाईट झाकती, कधी चाकात जाती, बसल्या बसल्या ती खाली दाबून घ्या. जर्किन शक्यतो काळं घेऊ नका, घेतलंच तर पाठीवर रेडियमचा तुकडा चिकटवा.

समोरच्यानं अप्पर मारलाच तर आपण बदला म्हणून अप्पर मारायचा नाही, दोघं आंधळे होऊन फायदा कोणाचा. नजर डावीकडं रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, स्पीड कमी करा. अन् त्याच कडेला माणसं पण असतात बरं का, रात्रपाळीची लाईट आली की शेतकरी गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, ती पण खाली धरलेली.

धुक्याचं थोडक्यात. गोदावरीच्या काठानं, कालव्याच्या पट्ट्यात सकाळी सहा ते आठ लै दाट पडतं. अप्पर लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहती, डिपरच ठेवा. काच आतून धुकटली तर एसीची हवा काचेवर सोडा, हातानं पुसत बसू नका. पुढच्या गाडीचा लाल लाईट धरून चालायचं बरं वाटतं, पण तो चुकला की तुम्ही पण चुकलात. उसाच्या फडातलं पाचट पेटवलेलं असलं तर धूर पण असाच अचानक रस्त्यावर येतो, त्यात घुसायच्या आधीच स्लो व्हा. शेतातून ट्रॅक्टर जिथं रस्त्यावर चढतो तिथं काळ्या मातीची ढेकळं पडलेली असतात, वरून दव पडलं की त्याच्यावर टायर साबणावर गेल्यासारखा सटकतो, तिथं ब्रेक मारू नका, आधीच हळू करा.

गाडी बंद पडली तर डांबराच्या खाली घ्या, चारी इंडिकेटर लावा, तिकोनी बोर्ड मागं 50 पावलांवर ठेवा, हायवेला आणखी लांब. गाडीत बसून राहू नका, रस्त्याच्या बाजूला शेतात उभे राहा. बोर्ड नसला की आपण दगडं रचतो, फांदी ठेवतो, चालतंय, पण पंक्चर निघाल्यावर ती दगडं उचलायची कोणी? ट्रॉली निघून जाती अन् दगडं तिथंच, मग मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या कपाळी. हे काम ज्यानं ठेवली त्याचंच हाय, कोणी आठवण करून द्यायची वाट बघू नका.

लग्नाहून येताना पहाटे 2 ते 5 मध्ये झोप येतीच, काच खाली करून गार हवा घेतल्यानं जात नाही, चहानं पण थोडाच वेळ जाती. पेट्रोल पंपावर गाडी लावा, वीस मिनिटं पडा, मग निघा.

अन् अपघात दिसला तर 108 ला लावा, नाहीतर 112, नॅशनल हायवेवर असाल तर 1033 पण चालतो. कुठं हाय विचारतील तेव्हा "त्या ढाब्याच्या पुढं" असं सांगू नका, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा अन् कोणत्या गावाकडं तोंड करून हाय ते सांगा. पोलीस मागं लागतील म्हणून बरेच जण थांबत नाहीत, पण 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव-पत्ता सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही. जखमीला दवाखान्यात सोडून तुम्ही सरळ घरी जाऊ शकता.