धडक मारली तरी समोरचा पडत नाही? आइस हॉकी गेममध्ये बॉडी चेकच्या या चुका टाळा

कोल्हापुरात पीएस५ समोर बसणाऱ्या पोराचा पहिला गेम फुटबॉलचा असतो, हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तिकडे धावतात, त्या गावात दुसरं काय होणार! पण त्यातलीच काही पोरं ईए स्पोर्ट्सच्या एनएचएलकडे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या गेमकडे वळतात. आणि वळली की लगेच एकच तक्रार सुरू होते, "अरं भावा, दाबलंय की मी! तरी आरपार निघून गेला ह्यो!"

ही तक्रार करणारे काही आळशी खेळाडू नसतात. उलट बचावात जीव तोडून धावणारेच जास्त वैतागतात आणि वैतागून गेम सोडतात. एवढा सुंदर गेम असा सुटू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

धडक ही पहिली चाल समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फुटबॉलमध्ये चेंडूसाठी झगडताना खांद्याला खांदा चालतो. आपल्या मैदानी हॉकीत तर तेवढंही नाही. ध्यानचंद स्टेडियमच्या टर्फवर खेळलेल्या पोराला विचारा, अंग घातलं की शिट्टी वाजलीच. त्यामुळे आइस हॉकीत अख्खं अंग घालून धडक मारायची मुभा आहे हे कळलं की हात सुटतो. कंट्रोलरची उजवी स्टिक पुढे ढकलली की हिट, मग पक (चेंडूऐवजी असणारी रबराची चकती) आपल्या भागात आला रे आला की स्टिक ढकलत सुटायचं.

पण नियमांच्या पुस्तकात बॉडी चेकचा, म्हणजे या धडकेचा, हेतू पक नेणाऱ्याला पकपासून तोडणं एवढाच आहे. तो खाली पडला काय किंवा नुसता अडखळला काय, पक सुटला म्हणजे काम झालं. हा हिशेब डोक्यात बसला की निम्मा वैताग तिथंच कमी होतो.

एक प्रसंग मी वरचेवर बघतो. समोरचा विंगर उजव्या कडेने पक घेऊन ब्लू लाइनकडे, म्हणजे आपला बचावाचा भाग जिथं सुरू होतो त्या निळ्या रेषेकडे, येतोय. मंगळवार पेठेतला माझा दोस्त आपला डिफेन्समन घेऊन थेट त्याच्या अंगावर जातो, तोही डावी स्टिक दाबून वेग वाढवून. दोघांत अजून दोन हॉकी स्टिकांएवढं अंतर असताना हा उजवी स्टिक पुढे ढकलतो. विंगर फक्त पक हातभर आत ओढतो. धडक हवेत जाते, डिफेन्समन बोर्डवर (रिंकभोवतीच्या भिंतीवर) जाऊन आदळतो आणि विंगरसमोर उरतो एकटा गोलकीपर. गोल. "गेमच बोगस हाय!" म्हणत कंट्रोलर गादीवर पडतो.

इथं गेमचं काहीच चुकलेलं नाही. बर्फावर पावलं रोवता येत नाहीत. हिटचा हुकूम दिला की खेळाडू त्या दिशेला स्वतःला झोकून देतो आणि तेवढा वेळ त्याला वळता येत नाही. त्यातून वेग वाढवलेला असेल तर वळणाचा घेर आणखी मोठा होतो. म्हणजे चुकलेली हिट नुसती वाया जात नाही, ती तुमचा एक बचावपटू खेळातून काढून घेते.

मग करायचं काय? विंगर मधल्या भागात पोचायच्या आधीच कंट्रोलरचं एल-टू बटण धरा, म्हणजे तुमचा खेळाडू पककडे तोंड ठेवून मागे सरकेल. त्याच्या आणि गोलच्या मधोमध राहा, पण किंचित आतल्या बाजूला. आतली वाट बंद करायची आणि बाहेरची मुद्दाम उघडी ठेवायची. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, जेमतेम २६ मीटर रुंद असतो, त्यामुळे बाहेर ढकललेल्या माणसाकडे फार जागा उरत नाही. अंतर एका हॉकी स्टिकएवढं ठेवा. तो बोर्डच्या जवळ गेला, त्याचा वेग कमी झाला किंवा तो पास द्यायला मान वर करून थांबला, की तोच तुमचा क्षण. वेगाचं बटण सोडलेलं हवं, डावी स्टिकही ढिली करून खेळाडूला नुसतं घसरत जाऊ द्या, आणि मग हिट. निशाणा तो आत्ता जिथं आहे तिथं नको. पुढच्या पावलाला त्याची छाती जिथं येणार, तिथं हवा.

अशी हिट दिसायला साधी असते. काच फुटत नाही, प्रेक्षक ओरडत नाहीत. पण पक सुटतो.

याच्याच जोडीची एक सवय म्हणजे हिट चुकली की आर-वन, म्हणजे पोक चेकचं बटण, धडाधड दाबत राहणं. पोक चेक, म्हणजे हॉकी स्टिकने पक टोचून काढणं, हा एकदाच, पक स्टिकच्या टप्प्यात असताना मारायचा. सारखा मारला की स्टिक समोरच्याच्या पायात जाते आणि ट्रिपिंगची पेनल्टी बसते.

पिंग न बघता ऑनलाइन मोठ्या हिट शोधणं

"आरपार गेला" ही तक्रार ऑनलाइन सामन्यांतच जास्त का ऐकू येते, ते थोडं आकड्यांत बघू. एनएचएलमधला वेगवान खेळाडू ताशी ३२ ते ३५ किलोमीटरने स्केटिंग करतो, म्हणजे सेकंदाला साधारण नऊ मीटर. तुमचा पिंग, म्हणजे सिग्नलला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंद असेल, तर तेवढ्या वेळात तो खेळाडू १.८ मीटर पुढे सरकतो. तुम्ही ज्या छातीवर निशाणा धरला, ती छाती सर्व्हरच्या हिशेबात तिथून कधीच निघून गेलेली असते. दोघं समोरासमोर येत असतील तर फरक आणखी वाढतो. तुमच्या पडद्यावर धडक लागलेली दिसते, सर्व्हर म्हणतो लागली नाही, आणि शेवटचा शब्द सर्व्हरचा.

सामना युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या सर्व्हरवर लागला, तर कोल्हापूरपासूनचं अंतरच हजारो किलोमीटरचं. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून हे अंतर कमी होत नाही, हे लक्षात घ्या. लोक त्यासाठी जादा पैसे भरतात आणि मग दुप्पट चिडतात. प्लॅन वाढवल्याने डाउनलोड लवकर होतं, पिंग जवळपास तिथंच राहतो. त्यापेक्षा राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल ओढा. पिंगचा आकडा फार उतरणार नाही, पण तो क्षणात १५०, क्षणात ३०० असा उड्या मारायचा थांबेल. आणि हिटच्या टायमिंगला खरा त्रास त्या उड्यांचा असतो. स्थिर १५० ची सवय हाताला लावून घेता येते, उड्यांची नाही.

टीव्हीचंही बघा. दिवाणखान्यातला मोठा टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो आणि तेवढा तुमचा हुकूम पडद्यावर उशिरा दिसतो. सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. टीव्हीने ७० मिलिसेकंद खाल्ले तर चार फ्रेम गेल्या, आणि त्या इंटरनेटच्या उशिरावर वर जमा होतात.

माझं स्पष्ट मत आहे की पिंग १२० च्या पुढे असेल तर रिंकच्या मध्यभागी धडक मारायचा विचार सोडून द्यावा. नुसतं समोर राहा, पासची वाट अडवा, स्टिक लिफ्ट (आपल्या हॉकी स्टिकने समोरच्याची स्टिक उचलणं) वापरा आणि हिट फक्त बोर्डपाशी, तीही माणूस जवळजवळ थांबलेला असताना मारा. खेळ थोडा कमी रंगतदार होईल, पण गोल कमी बसतील.

पक नसलेल्याला किंवा पाठीमागून मारणं

पास निघून गेल्यावर उशिरा मारलेली धडक म्हणजे इंटरफिअरन्स. बोर्डकडे तोंड करून असलेल्या, स्वतःला सावरू न शकणाऱ्या माणसाला धाडकन बोर्डवर लोटणं म्हणजे बोर्डिंग. लांबून वेग घेऊन अंगावर जाणं म्हणजे चार्जिंग. एनएचएलच्या नियमावलीत हे अनुक्रमे ५६, ४१ आणि ४२ क्रमांकाचे नियम आहेत आणि साध्या पेनल्टीला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. समोरच्याच्या जर्सीवरचा नंबर दिसत असेल, तर हिट नको. तिथं स्टिक लिफ्ट.

कुणाला कुणावर सोडतोय हे न पाहणं

बॉडी चेकिंग, स्ट्रेंथ, बॅलन्स हे आकडे प्रत्येक खेळाडूपुढे लिहिलेले असतात. चपळ, हलक्या विंगरने तगड्या डिफेन्समनला धडक दिली तर आपटतो तो विंगरच. लाइन, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारी फळी, निवडताना एकदा हे आकडे वाचा, आणि हिट मारायच्या आधी आपल्या हातात कोण आहे ते बघा. घाईत आर-टू दाबून खेळाडू बदलला आणि त्याच दमात स्टिक ढकलली, तर भलताच माणूस जागा सोडून पळत सुटतो.

नव्या आवृत्तीत जुना हात चालवणं

स्टिकने शॉट मारायची पद्धत २००६ साली एनएचएल ०७ मध्ये आली, आणि तेव्हापासून उजवी स्टिक या मालिकेचा कणा आहे. पण धडकेचं गणित मधूनमधून बदलतं. २०२३ च्या एनएचएल २४ मध्ये फिजिक्सवर चालणारी नवी धडक आणली गेली. मागच्या आवृत्तीत पाठ झालेलं टायमिंग मग पुढच्या आवृत्तीत उपयोगाचं राहत नाही. नवा गेम टाकला की आधी कंट्रोलचं पान वाचा, सरावात जाऊन पाच-दहा हिट मारून बघा, मगच ऑनलाइन जा.

एका बाबतीत मात्र खेळाडूंचा राग मला पूर्ण रास्त वाटतो. नीट कोनातून, नीट वेळेवर हिट बसते, समोरचा भेलकांडतो, आणि सुटलेला पक घरंगळत परत त्याच्याच स्टिकवर जातो. किंवा त्याच धडकेने एकदा माणूस आडवा होतो आणि पुढच्या वेळी नुसता खांदा लागतो. चांगल्या बचावाला बक्षीस मिळायला हवं, ही अपेक्षा वाजवी आहे आणि ती गेम बनवणाऱ्यांकडून ठेवायलाच हवी. तोपर्यंत आपल्या हातात एकच आहे, धडक बसल्यावर "झालं" म्हणून थांबायचं नाही. सुटलेल्या पकसाठी दुसरा खेळाडू आधीच जवळ आणून ठेवा.

मित्रांशी घरी खेळताना सेटिंगमध्ये हिटिंगचे आणि पेनल्टीचे स्लायडर बदलता येतात. दोघांच्या संमतीने बदला, आणि एका वेळी एकच बदला. सगळे एकदम हलवले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

खराब स्टिकला दोष न देणं

गेम पार्लरमधल्या कंट्रोलरची उजवी स्टिक एकदा नीट बघा. वरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं, आणि अंगठा पुढे ढकलताना किंचित बाजूला घसरतो. तुम्ही हिट सरळ मारली असं तुम्हाला वाटतं, गेमला ती तिरकी मिळते. बसल्यावर पहिल्याच मिनिटाला, काहीही न दाबता, स्टिकवरचा अंगठा काढून खेळाडूकडे बघा. तो आपोआप सरकत असेल किंवा स्टिक आपोआप हलवत असेल, तर ड्रिफ्ट आहे. दुसरा कंट्रोलर मागा, लाजू नका. घरचा कंट्रोलर असेल तर आधी सेटिंगमधला डेड झोन (स्टिक किती हलेपर्यंत गेमने दखल घ्यायची नाही ती मर्यादा) थोडा वाढवून बघा, तरी थांबलं नाही तर दुरुस्तीला द्या.

एवढं सगळं तपासून झालं की एक सराव करा. कॉम्प्युटरविरुद्ध ऑफलाइन सामना लावा आणि तीन पिरियडांपैकी (सामन्याच्या भागांपैकी) पहिले दोन पिरियड हिटही नाही, पोकही नाही. फक्त एल-टू धरून समोरच्याला बाहेरच्या कडेला नेत राहायचं. पहिल्या पिरियडला हात शिवशिवतील. दुसऱ्यात दिसायला लागेल की समोरचा किती वेळा स्वतःच बोर्डपाशी अडकतो, पक कोपऱ्यात टाकून देतो किंवा माघारी पास देतो. तिसऱ्या पिरियडला हिट परत सुरू करा, पण फक्त त्याच जागांवर, जिथं तो आधीच अडकलेला दिसला होता.