जुनी एसयूव्ही घेतलीत? मग या चुका टाळा

जुनी एसयूव्ही हातात आली की लोक आधी सीट कव्हर बदलतात, मग रुंद टायर, मग जादा दिवे. ब्रेक ऑइल कधी बदललं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पॅड नवेच टाकलेत की!"

पॅडचा इथे संबंधच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं, गाडी उभी असली तरी. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल २३० अंश सेल्सियसच्या आत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. माणसांनी, सामानाने भरलेली जड गाडी सतत ब्रेक दाबत लांब उतार उतरली, की ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दबतात, ब्रेक लागत नाही.

माझ्या एका मित्राच्या गाडीत मी शेजारी बसलो होतो तेव्हा हेच झालं. उतारावर पेडल सरळ तळाला गेलं. त्याने पेडल भराभर पंप केलं, एकेक गिअर खाली आणला आणि हळूहळू हॅन्डब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. खरा धोका पुढेच होता. चाकं थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागायला लागलं आणि मित्र म्हणाला, "झालं ठीक, चल." वाफ निवली म्हणून पेडल परत आलं होतं, पाणी ऑइलमध्ये तसंच होतं. मी गाडी पुढे नेऊ दिली नाही, टो करून आणली.

ऑइलच्या रंगावर जाऊ नका. मी दर दोन वर्षांनी बदलतोच, किलोमीटर कितीही झालेले असोत. जुनी गाडी घेतली आणि तारीख माहीत नसेल, तर पहिल्याच आठवड्यात बदला. आणि उतारावर गाडी सतत ब्रेक न दाबता खालच्या गिअरमध्ये आवरा.

दुसरी चूक जॅकची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली "दोनच मिनिटं" म्हणून शिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांत हॅन्डब्रेक चाकांना नाही, प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला, धरतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही घरंगळू शकतं. म्हणून आधी सपाट जागा, मग चाकांपुढे-मागे ठोकळे, मग जॅक, आणि खाली जायचं असेल तर चॅसीखाली स्टँड. मी ही घाई कुणालाच करू देत नाही.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरू नका, आतून गंजतं.

टायरच्या खाचा खोल दिसल्या तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीचाही वाचा, ती कुणीच बघत नाही.

पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारी सोय) कोरड्या डांबरावर लावून फिरू नका, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

डिफरन्शियलचं ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का ते पाहा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसला असेल आणि ऑइल सांडून गेलं असेल, तर गाडी तिथून हलवता येणार नाही.