पोर्ट लुईला जहाज लागलं की या चुका टाळा

क्रूझ शिपच्या रिसेप्शनवर मी चौदा वर्षं काढली. हिंदी महासागरातल्या फेऱ्यांमध्ये मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर ठरलेलंच असायचं. प्रवासी दर वेळी नवे, चुका मात्र त्याच. लांबच्या क्रूझवर माणूस तीन-चार दिवस नुसतं पाणी बघत असतो, त्यामुळे जमीन दिसली की त्याला दम निघत नाही. हातात असतात जेमतेम नऊ-दहा तास. ते कसे वाया जातात हे काउंटरमागून इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच ठेवतो.

घड्याळ जुन्याच वेळेवर राहणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जहाज पूर्वेकडे निघालं असेल तर वाटेत एखाद्या रात्री घड्याळं एक तास पुढे करतात. मादागास्कर मॉरिशसच्या एक तास मागे आहे. रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर तसं छापलेलं असतं, स्पीकरवरूनही सांगतात. तरी प्रत्येक फेरीत काही जणांच्या कानावरून ते जातंच.

एकदा आम्ही मादागास्करचं नोसी बे बेट करून पोर्ट लुईला आलो. जहाजावर साठी उलटलेलं एक मराठी जोडपं होतं. काकांच्या मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. काकूंचा फोन पहिल्या दिवसापासून एअरप्लेन मोडवर, रोमिंगचं बिल येऊ नये म्हणून. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, भर समुद्रात फोन जहाजाच्या नेटवर्कला लागला तर बिल खरोखरच भरमसाट येतं. पण तशा बंद ठेवलेल्या फोनला वेळ बदलल्याचं कळत नाही. म्हणजे काकांचं घड्याळ एक तास मागे, आणि खात्री करायला बघायचा तो फोनही एक तास मागे. दोन्ही जुळले, म्हणून त्यांना शंकाच आली नाही.

ते फार लांब गेलेही नव्हते. सेंट्रल मार्केटमध्येच होते. व्हॅनिलाच्या शेंगा घेतल्या, आलुदा प्यायले. आलुदा म्हणजे आपल्या फालुद्याचाच तिकडचा भाऊ. गाळेवाले माल आवरायला लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "इथे फारच लवकर बंद करतात हो." हे त्यांनीच मला नंतर फोनवर सांगितलं.

परतायची वेळ साडेपाचची होती, जहाज सुटणार होतं सहाला. साडेपाचला आमच्या स्क्रीनवर दोनच नावं बाकी राहिली. स्पीकरवर ती तीनदा पुकारली. पावणेसहाला मी सिक्युरिटीच्या माणसाबरोबर त्यांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा होता, बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे. तो डबा आणि आमच्याकडे ठेवलेले दोघांचे पासपोर्ट एका पाकिटात घालून धक्क्यावरच्या पोर्ट एजंटच्या, म्हणजे बंदरात जहाजाची कामं बघणाऱ्या माणसाच्या हातात दिले. सहा वाजून पाच मिनिटांनी दोर सुटले. दोघं धक्क्यावर पोचले तेव्हा जहाज आणि धक्का यांच्यामध्ये वीसेक फूट पाणी होतं. काकूंच्या हातात बाजाराची पिशवी होती. काकांनी हात वर करून आम्हाला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यात पाच वाजून दहा मिनिटं झाली असणार.

पुढचं बंदर कोलंबो, मध्ये पाच दिवस समुद्र. हॉटेल, मुंबईमार्गे विमानाची तिकिटं, सगळं त्यांच्या खिशातून. कप्तानाने थांबायला हवं होतं, असं त्या रात्री जेवणाच्या टेबलांवर बरेच जण म्हणत होते. मला ते पटत नाही. जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट चढलेला असतो, ओढणाऱ्या टगबोटी बांधलेल्या असतात, धक्का पुढच्या जहाजाला दिलेला असतो. दोघांसाठी हे सगळं खोळंबून ठेवता येत नाही. पण ते दोघं निष्काळजी होते असंही मी कुणाला म्हणू देत नाही. वेळ पाळणारी माणसं होती ती, त्यांची घड्याळंच चुकीची होती.

माझी सवय सांगतो. उतरताना गँगवेपाशी, म्हणजे धक्क्यावर उतरायच्या शिडीपाशी जहाजाचं घड्याळ असतं, त्याच्याशी मनगटातलं घड्याळ लावून घ्यायचं. रोज, प्रत्येक बंदरात, बदल असो वा नसो. फोनवर भिस्त ठेवायची नाही. आणि त्या दिवसाच्या पत्रकातून परतायची वेळ, धक्क्याचं नाव आणि पोर्ट एजंटचा नंबर कागदावर उतरवून खिशात ठेवायचं. फोटो काढून चालत नाही, कारण बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते.

एका दिवसात अख्खं बेट उरकायला निघणं

मॉरिशस उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर. आकडा ऐकला की पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हे तर अर्ध्या दिवसात होईल. मग बंदराच्या गेटवर टॅक्सीवाल्याशी ठरवतात: गंगा तलाव, शामारेलची सातरंगी माती, ल मॉर्नचा डोंगर आणि जमलंच तर इल ओ सर्फ हे छोटं बेट. सकाळी रस्ते मोकळे मिळतात, म्हणून बेत बरोबर वाटतो. अडचण परतताना येते. पोर्ट लुई हे नोकरदारांचं शहर आहे, दुपारी चारनंतर मोटारवेवर गाड्या अक्षरशः चिकटून उभ्या असतात. इल ओ सर्फ तर पूर्व किनाऱ्यावर, तिथून आधी बोटीने अलीकडे यायचं आणि मग बेट आडवं पार करायचं. बोटवाला माणसं जमल्याशिवाय निघत नाही. वर एखादी सर आली की संपलंच.

एवढं करून त्या ठिकाणी बघणं काय होतं? शामारेलला वीस मिनिटं, गंगा तलावाला दहा. गाडीच्या काचेतून ऊस बघण्यात सहा तास. असे लोक संध्याकाळी थकून परत येतात आणि मॉरिशसमध्ये काही खास नाही असं सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

दूरचं एखादंच ठिकाण बघायचंच असेल तर जहाजाच्या सहलीतून जा. पैसे जास्त लागतात, पण त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. स्वतःच फिरायचं असेल तर सरळ पाम्पलमूसच्या बागेत जा. शहरापासून दहा-बारा किलोमीटर आहे. तिथल्या तळ्यातल्या कमळांची पानं परातीसारखी, कडा वर वळलेल्या. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांची समाधीही त्याच बागेत आहे. दोन तास निवांत काढा आणि जेवायला शहरात या.

बारीकसारीक, पण रोजच्या

टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा: जाऊन-येऊन, थांबण्यासकट आणि मॉरिशसच्या रुपयात. त्यांचा रुपया आपल्यापेक्षा जड आहे. "पाचशेच तर म्हणाला" असं म्हणत फसलेले पुष्कळ बघितलेत.

जहाजावरची फळं पिशवीत घालून उतरू नका. किनाऱ्यावरचे शंख आणि पोवळी उचलून आणू नका, ते बाहेर न्यायला बंदी आहे. ई-सिगारेटही नको.

पाण्यात अनवाणी जाऊ नका. तिथे काटेरी समुद्रसाळू असतात, आणि स्टोनफिश नावाचा विषारी मासा दगडासारखा तळाशी पडून असतो. जुने बूट घालूनच उतरा.

पोर्ट लुई तिन्ही बाजूंनी डोंगरांच्या आडोशाला आहे, वारा अडतो. नोव्हेंबर ते एप्रिल दुपारी तिथे जीव नकोसा होतो. चालायचं ते अकराच्या आत चाला.

जहाज धक्क्याला लागलं की लगेच गँगवेवर गर्दी करू नका. अधिकाऱ्यांची तपासणी झाल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत. रांगेत उभं राहून पाय दुखवून घेण्यापेक्षा पोटभर नाश्ता करा.

दालपुरी रस्त्यावरच खा, मिळते जोडीने. जहाजावरच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेत म्हणून दुपारी जेवायला परत जाणारे लोक मला कधीच कळले नाहीत.

सुट्टीचा वार न बघणं

पत्रकात तारीख असते, वारही असतो, पण कोणी बघत नाही. रविवारी दुपारनंतर शहर ओस पडतं. गणेश चतुर्थीला तर तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या माणसांना हे ऐकून नवल वाटतं, पण बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे आले.

म्हणूनच आप्रवासी घाट चुकवून नुसते बंदराकाठच्या कॉडनच्या दुकानांत फिरणारे मराठी प्रवासी बघितले की मी त्यांना अडवून सांगायचो. दोन्ही ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १८३४ पासून भारतातून करारावर आणलेले मजूर या बेटावर उतरले. पुढे १८४९ मध्ये आप्रवासी घाटाच्या जागी त्यांच्यासाठी आवार बांधायला सुरुवात झाली. सगळे मिळून जवळजवळ पाच लाख माणसं आली. युनेस्कोने २००६ मध्ये ही जागा जागतिक वारशात घेतली. आज उरलंय ते थोडंच: बंदराकडून वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, इस्पितळाच्या खोल्या, स्वयंपाकघराचे अवशेष. पायऱ्यांच्या कडा पावलांनी झिजलेल्या आहेत. तुम्ही समुद्रातून आलात तसेच तेही समुद्रातूनच आले होते, आठवडेच्या आठवडे शिडाच्या जहाजात काढून. तिथे निदान तासभर द्या. रविवारी बंद असतं आणि शनिवारी दुपारपर्यंतच उघडं, तेव्हा जहाज शनिवारी लागत असेल तर सकाळी पहिलं तिथेच जा, बाजार नंतर.