गिलावा करण्याआधी वायरिंगचा निर्णय घ्या

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतलं जुनं घर दुरुस्तीला काढलंय? मग फरशी-रंग ठरवण्याआधी एक स्विचबोर्ड उघडून बघा. अर्थात मेन स्विच बंद करून, आणि शक्यतो वायरमनच्या हातूनच. लाकडी पट्टीवरची रबरी वायर असेल, आवरण बोटानं भुगा होत असेल किंवा अर्थिंगची तारच नसेल, तर विचार करत बसू नका, सगळं वायरिंग बदला. अॅल्युमिनियमच्या जुन्या तारा असतील तरी माझं मत तेच. जोड सैल होऊन तापतात.

तांब्याची पीव्हीसी वायर आणि अर्थिंग असेल, तर आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) तपासून घ्या. रीडिंग १ मेगाओमच्या खाली आलं तर दोष शोधायलाच हवा. आपल्याकडच्या पावसात भिंती ओल धरतात, म्हणून ही तपासणी पावसाळ्यातच झाली तर उत्तम. वायर चांगली निघाली तर ठेवा. फक्त गिझर, एसीला ४ चौरस मिमीची स्वतंत्र लाइन ओढा.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र वायरिंग बदला किंवा ठेवा, दोन्ही बाबतीत बसवाच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, त्यांनी बोर्ड पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावेत. भिंती बंद करण्यापूर्वी वायरिंगच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा.