पानांच्या अर्काची बियांवर चाचणी: शेजारी खरंच रसायनाने दबतो का?

एखाद्या झाडाखाली काही उगवत नाही म्हणजे ते विषारीच, असं नाही. बऱ्याचदा सावली, कोरडी माती आणि मुळांची गर्दी एवढंच कारण असतं. वनस्पतीच्या रसायनांचा शेजाऱ्यांवर होणारा परिणाम म्हणजे अ‍ॅलेलोपॅथी. हा शब्द हान्स मोलिश यांनी 1937 मध्ये रूढ केला. तो परिणाम वेगळा काढून बघायचा तर आधी बियांवर आणि मग कुंडीत, असा क्रम ठेवा.

अर्क. निरोगी पानं सावलीत किंवा 40 अंशांच्या आत वाळवा आणि भरड कुटा. 10 ग्रॅम चुरा 100 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात 24 तास भिजत घाला. पाणी उकळू नका, पावसाने जे पानांतून उतरत नाही तेही उकळण्याने उतरतं. 24 तासांपेक्षा जास्त ठेवलं तर अर्क आंबतो, आणि मग तुम्ही पानाची नाही, जिवाणूंनी केलेल्या आम्लांची चाचणी घेत असता. आधी फडक्यातून, मग गाळणकागदातून गाळून त्याच दिवशी वापरा.

हा झाला 10 टक्के अर्क. 10 मिली अर्कात 10 मिली पाणी म्हणजे 5 टक्के, 5 मिलीत 15 मिली म्हणजे 2.5, आणि 2 मिलीत 18 मिली म्हणजे 1 टक्का. सोबत साधं पाणी हवंच.

बी. लेट्यूसचं बी संवेदनशील, म्हणून चाचणीसाठी आवडतं. पण 28-30 अंशांच्या वर ते मुळातच नीट रुजत नाही. गरम खोलीत मुळ्याचं बी घ्या. ते मोठं, स्वतःची शिदोरी घेऊन आलेलं, त्यामुळे परिणाम कमी दाखवतं, हे लक्षात ठेवा. बी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन मिनिटं बुडवून तीन-चार वेळा धुवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी.

9 सेंमीच्या पेट्री डिशमध्ये गाळणकागद, 25 बिया, 5 मिली द्रव. प्रत्येक तीव्रतेच्या चार डिश. झाकून 20-25 अंशांत ठेवा.

पाचव्या दिवशी मोजा. मूळ 2 मिमी बाहेर आलं की बी रुजलं असं धरा, पण उगवणीच्या टक्केवारीवर थांबू नका. मुळाची लांबी जास्त बोलकी असते. साध्या पाण्यात सरासरी 32 मिमी आणि 5 टक्के अर्कात 12 मिमी असेल, तर (32 − 12) ÷ 32 × 100, म्हणजे 62.5 टक्के दडपण. भिंगातून टोकंही बघा: तपकिरी, सुजलेलं, केस नसलेलं टोक दिसलं तर नुसत्या पाण्याच्या ताणापेक्षा वेगळं काही घडल्याचा संशय घ्या.

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. 10 टक्के अर्कात इतकी साखर आणि क्षार उतरू शकतात की बीला पाणी ओढणं जड जातं. म्हणून कुठल्याही पानाचा दाट अर्क बी दडपतो! लेट्यूसच्याच पानांचा तितकाच अर्क करून शेजारी लावा. तोही तितकाच दडपत असेल तर तुमचा निष्कर्ष कच्चा. अर्काचा पीएच (आम्लता) पट्टीने तपासा आणि निकाल 1 व 2.5 टक्क्यांवर ठरवा.

पाण्याच्या अर्काला मर्यादाही आहेत. ज्वारीच्या मुळांवरच्या केसांच्या टोकांशी सॉर्गोलिओन या दडपणाऱ्या रसायनाचे तेलकट थेंब दिसतात. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे पानं भिजवून हाती काही लागत नाही. काळ्या अक्रोडाचं जुग्लोनही पाण्यात जेमतेम उतरतं. निलगिरीतलं सिनिओल तर हवेतून पोचतं: बंद बरणीत चुरडलेली पानं वाटीत आणि बी ओल्या कागदावर, एकमेकांना न लागता ठेवा.

आता कुंडी, कारण मातीतले जिवाणू आणि चिकणमाती बरंचसं रसायन निष्प्रभ करतात. चार प्रकारच्या कुंड्या भरा: नुसती माती; 500 ग्रॅम मातीत 5 ग्रॅम पानांचा चुरा; घनफळाच्या 2 टक्के सक्रिय कोळसा; आणि चुरा-कोळसा दोन्ही. कोळसा सेंद्रिय रसायनं धरून ठेवतो, म्हणून चुऱ्याच्या कुंडीत रोप खुरटलं आणि कोळसा घातल्यावर सुधारलं तर संशय पक्का होतो. कोळशाची एकटी कुंडी वगळू नका. कोळसा पोषणातही ढवळाढवळ करतो. रोपं पिवळी पडून खुरटली तर आधी नत्राकडे बघा: सुकी पानं कुजताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात. सगळ्या कुंड्यांना सारखं नत्र देऊन पुन्हा लावा.

दडपण खरं निघालं तर तो पाला बारीक बियांच्या वाफ्यात लगेच घालू नका. राय हे तृणधान्य कापून पसरल्यावर लेट्यूस, गाजर यांसाठी दोन-तीन आठवडे थांबतात. तयार रोपं किंवा मोठ्या बियांची पिकं त्याआधीही चालतात.